परका घोडा, आपली मांड: घोडेबदलाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळीत तबेला ओस पडतो. मालक गावी, मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) निम्मे सुट्टीवर आणि घोडे चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, खाऊन जागच्या जागी उभे. यंदा ते राणीला भोवलं. सणाचे दिवस पूर्ण खुराकावर उभी होती. काल पाय मोकळे व्हावेत म्हणून मैदानात नेऊन जरा दुडकी चालवली, तर थोड्याच वेळात मागचे पुठ्ठे कडक झाले, अंगभर घाम, पाऊल उचलेना, लघवी गर्द कॉफीच्या रंगाची. पशुवैद्य तासाभरात पोचले म्हणून निभावलं. हा आजार जुना आहे. युरोपात गाडीचे घोडे रविवारी सुट्टीतही भरपूर खात आणि सोमवारी जुंपले की असेच आखडत, म्हणून तिकडे त्याला सोमवारचा आजार म्हणत.

पशुवैद्यांचा सल्ला दोन ओळींचा: काम नसेल त्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी, आणि घोडा रोज हलला पाहिजे. पहिली गोष्ट मोतद्दार मामा बघतील. दुसरीसाठी पाठीवर बसणारं माणूस लागतं. तबेल्यात सहा घोडे, सहा मालक. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी दोनच मालक हजर असतात. हजर असलेल्यानं गैरहजर माणसाचा घोडाही फिरवून आणला, तर प्रश्न सुटतो. कागदावर.

८ नोव्हेंबर

आज मोजमाप. वजनकाटा नाही, त्यामुळे फीतच. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०; आलेला आकडा किलोत. अंदाजच, पण उपयोगी अंदाज. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत, हा सर्वत्र वापरला जाणारा ढोबळ नियम आम्हीही धरला.

मोहिनी, डॉक्टरांची (हे दातांचे डॉक्टर) मारवाडी घोडी: ३२३ किलो. म्हणजे तिच्यावर खोगिरासकट ६५. डॉक्टर स्वतः बरोबर काठावर बसतात.
सरदार, माझा, मारवाडी, खच्ची केलेला: ३७५. मर्यादा ७५.
कॅप्टन, इंजिनिअरचा थरोब्रेड, रेसकोर्सवरून निवृत्त: ४९०. याच्यावर कुणीही बसावं.
चांदणी, वकीलबाईंची नुकरी (पांढरीशुभ्र) घोडी: ३४० च्या आसपास. फीत लावू देईना.
राणी, कारखानदारसाहेबांची: ३६०.
बाळ्या, रिसालदारसाहेबांचं भीमथडी तट्टू, नातवासाठी पाळलेलं: २०८. मर्यादा ४२ किलो, म्हणजे तबेल्यातली सगळी मोठी माणसं बाद.

कारखानदारसाहेबांचं स्वतःचं वजन ९४. आपल्या राणीवर त्यांनी बसू नये असं हा कागद म्हणतो. तो त्यांना कुणी दाखवायचा, यावर मामा आणि मी बराच वेळ एकमेकांकडे बघत होतो.

१० नोव्हेंबर

बैठक. मी प्रश्न सरळ टाकला: दुसऱ्याच्या घोड्यावर बसायला तुम्हाला आवडेल का?

डॉक्टर: "आवडेल काय, मी वाटच बघतोय." त्यांची नजर कॅप्टनवर आहे हे सगळ्यांना ठाऊक.
इंजिनिअर: चालेल, पण कॅप्टनवर कोण बसणार ते आधी सांगा.
रिसालदारसाहेब: "माझी सगळी नोकरी सरकारच्या घोड्यावर गेली. आवडायचं काय त्यात? नेमून दिला तो घोडा."
कारखानदारसाहेब: फोनवर, दुबईहून. राणीवर कुणीही बसा, बिल मला पाठवा.
वकीलबाई: नाही.

"नाही" पुढे त्या काही बोलल्या नाहीत. वकील असून.

एक लक्षात आलं. मी विचारलं होतं दुसऱ्याच्या घोड्यावर बसण्याबद्दल. डॉक्टर आणि रिसालदारसाहेब सोडून बाकीच्यांनी उत्तर दिलं ते आपला घोडा दुसऱ्याला देण्याबद्दल. प्रश्न एक नाही, दोन आहेत. वहीत आता दोन रकाने केलेत.

१७ नोव्हेंबर

पहिली अदलाबदल: डॉक्टर कॅप्टनवर, इंजिनिअर मोहिनीवर.

कॅप्टन बसतानाच उभा राहीना. रेसच्या घोड्यावर जॉकीला खालून पाय धरून चढवतात, आणि तेसुद्धा घोडा चालत असताना. बसायच्या ओट्याशी शांत उभं राहणं हे त्याला उशिरा शिकवलेलं आहे आणि ते तो फक्त इंजिनिअरसाठी करतो. तिथवर ठीक होतं. मैदानाच्या दुसऱ्या फेरीत त्याचा वेग थोडा वाढला. डॉक्टरांनी जे मोहिनीला करतात तेच केलं: लगाम आखूड केली आणि धरून ठेवली. मोहिनीला त्याचा अर्थ "सावकाश" असा कळतो. रेसकोर्सवर वाढलेल्या घोड्याला लगामीचा ताण म्हणजे टेकायला आधार. जॉकी हात घट्ट करतो आणि घोडा त्यावर रेलून पळतो. डॉक्टर जितके ओढत गेले तितका कॅप्टन वाढत गेला. मामा कुंपणाशी ओरडताहेत, "सोडा! लगाम सोडा, गोल घ्या!" अंगात भिनलेलं सोडायला तिसरी फेरी लागली. हात ढिले पडल्यावर कॅप्टन आपोआप दुडकीवर आणि मग चालीवर आला.

डॉक्टर उतरले तेव्हा पाय थरथरत होते आणि ते हसत होते. पुढच्या रविवारी पुन्हा, म्हणाले. चेहरा उतरला होता तो इंजिनिअरचा. तो मोहिनीवर बसून हे सगळं बघत होता, आणि आपण मोहिनीवर आहोत हे विसरला होता.

त्याचं तिकडे वेगळंच चाललेलं. मोहिनी रेवाल चालते. चारही पाय वेगवेगळे, एकामागून एक पडतात, पाठ जवळजवळ हलत नाही. इंजिनिअरला थरोब्रेडच्या दुडकीची सवय. प्रत्येक दुसऱ्या ठोक्याला खोगिरातून उठायचं आणि बसायचं. मोहिनीवर तो उठत होता, पण खालून उचलणारा ठोकाच नव्हता. दोनदा थांबून विचारलं, "लंगडतीये का ही?"

१८ नोव्हेंबर

इंजिनिअरचा मेसेज: कॅप्टनच्या तोंडात बिटमुळे (लगामीच्या लोखंडी कडीमुळे) घासलंय का ते बघा. बघितलं. काही नाही.

२४ नोव्हेंबर

डॉक्टर सरदारवर, मी कॅप्टनवर, इंजिनिअर राणीवर नुसत्या चालीने अर्धा तास (पशुवैद्यांची परवानगी घेऊन).

सरदार डॉक्टरांना कँटर (दुडकीच्या पुढची, संथ दौड) देईना. डॉक्टर बसतात चांगले, टाच वेळेवर, हात शांत, बाहेरचा पाय किंचित मागे. पुस्तकात आहे तसं सगळं. सरदार जोरजोरात दुडकी करत राहिला. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, तुम्ही जीभ वाजवता ना आधी." मी वाजवतो? मामा म्हणाले, कायम. टाच देण्याआधी टक् असा आवाज, हलकासा. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी जीभ वाजवली आणि सरदार पहिल्याच पावलात उचलला.

म्हणजे टाच त्याच्या लेखी शोभेची. आमच्या दोघांत एक खाजगी समजूत झाली होती आणि त्यातल्या एकाला तिचा पत्ताच नव्हता. स्वतःच्या घोड्यावर हे कधीच कळत नाही, कारण तिथे सगळं चालून जातं. परका घोडा तुमच्या खुणांपैकी जेवढं कुठल्याही घोड्याला कळेल तेवढंच घेतो, बाकीचं खाली गळून जातं. काय गळलं ते बघून काहींना मजा येते, काहींना अपमान वाटतो. आवडनिवड बरीचशी इथेच ठरत असावी.

कॅप्टनवर मला आवडलं. फार आवडलं, लिहूनच टाकतो. पाऊल एवढं लांब की मैदान लहान वाटतं. नंतर सरदारला खरारा करताना त्याच्याशी नेहमीपेक्षा जास्त बोललो, असं मामांचं निरीक्षण.

१ डिसेंबर

वकीलबाई आज स्वतःहून बोलल्या. त्या घोडा शिकल्या वयाच्या चाळिशीनंतर, आणि शिकल्या त्या चांदणीवरच. आधी घोडी घेतली, मग बसायला शिकल्या; दुसऱ्या कुठल्याही घोड्यावर त्या आजवर बसलेल्या नाहीत. "इतरांच्या घोड्यावर भीती वाटेल असं नाही," म्हणाल्या. "पण चांदणी बुजणार असली की मला दोन पावलं आधी कळतं. दुसऱ्या घोड्यावर मी आंधळीच."

यावरून सगळ्यांची पाळंमुळं वहीत उतरवली. डॉक्टर क्लबच्या घोड्यांवर शिकले, दर रविवारी वाटणीला येईल तो. इंजिनिअर कॉलेजात एनसीसीच्या घोडदळात होता. मीही भाड्याच्या घोड्यांवरच. रिसालदारसाहेबांचं तर झालंच. मालकीचा घोडा आयुष्यात उशिरा आला त्यांना परका घोडा म्हणजे जुनी सवय. ज्यांचा पहिला घोडाच स्वतःचा, त्यांना तो परदेश. सहा जणांवरून नियम काढू नये, पण दुसऱ्या तबेल्यातल्या ओळखीच्यांना विचारलं तेव्हाही कल तोच दिसला.

८ डिसेंबर

पाऊस नसताना चिखल, कारण टँकर फुटला. घोडे आत, माणसं चहाला. वादावादी चांगली झाली.

वकीलबाईंनी टोकियो काढलं. २०२१ मध्ये झालेल्या त्या ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनची (पाच खेळ मिळून एक स्पर्धा) जर्मन खेळाडू आनिका श्लॉय घोडेस्वारीआधी पहिल्या क्रमांकावर होती. या खेळात घोडा चिठ्ठीनं मिळायचा आणि ओळख करून घ्यायला २० मिनिटं. तिच्या वाट्याला सेंट बॉय आला, जो त्याआधीच्या स्वाराच्या वेळीही अडला होता. तिच्याखालीही अडला. ती घोड्यावर रडतेय हे जगानं पाहिलं, तिच्या प्रशिक्षक बाईंनी घोड्याला गुद्दा मारला म्हणून त्यांना बाहेर काढलं, आणि पॅरिस २०२४ नंतर त्या खेळातून घोडाच गेला. आता तिथे अडथळ्यांची शर्यत आहे. "२० मिनिटांत घोडा आपला होत नाही," हा वकीलबाईंचा युक्तिवाद. "शिक्षा मात्र घोड्याला होते."

रिसालदारसाहेबांनी उत्तर दिलं केंटकीचं. उड्यांच्या जागतिक स्पर्धेत पूर्वी अंतिम फेरीला चार स्वार उरत आणि चौघंही एकमेकांचे घोडे आळीपाळीनं घेत. आपला धरून चार घोडे, तोच उड्यांचा मार्ग. २०१० साली केंटकीत बेल्जियमचा फिलिप ल ज्यून जिंकला. कॅनडाचा एरिक लमाझ तिसरा आला, पण सर्वांत चांगला घोडा ठरला त्याचाच, हिकस्टेड. "घोडा कसा घडवलाय ते परक्यांच्या हाताखाली दिसलं, बाई." ती पद्धतही २०१४ नंतर बंद झाली, हे सांगितल्यावर ते म्हणाले, साहजिक आहे, लाखमोलाचा घोडा कोण देणार दुसऱ्याला.

मग ओघानं शिलेदार आणि बारगीर आलेच; घोड्याच्या गप्पा आपल्याकडे शिवकाळात शिरल्याशिवाय संपत नाहीत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या २५ घोड्यांमागे पखालजी (पाणी वाहणारा) आणि नालबंद (नाल ठोकणारा) सरकारचा. महाराजांचा भर पागेवर होता. रिसालदारसाहेबांचं म्हणणं असं की शिलेदाराचा घोडा हे त्याचं भांडवल, तो मेला तर घर बुडालं. त्यामुळे तो जपून चालणारच. बारगिराचा घोडा पडला तर दुसरा मिळतो, म्हणून तो घोड्यावर मोकळा बसतो. "डॉक्टर कॅप्टनवर हसत का होते? नालाचं बिल त्यांना नव्हतं!"

डॉक्टरांनी हे मान्य केलं. मोहिनीवर असताना ते दगड बघतात, पाय बघतात, श्वास ऐकतात, मागच्या महिन्याची सूज आठवतात. कॅप्टनवर फक्त घोडा.

इंजिनिअर म्हणाला, "म्हणूनच मला झोप लागली नव्हती."

१७ डिसेंबर

इंजिनिअरचा मित्र सारंगखेड्याला जाऊन आला. दत्तजयंतीला तापीकाठी भरते ती घोड्यांची यात्रा, नंदुरबार जिल्ह्यात. त्याला घोडी घ्यायची होती, घेतली नाही. कारण आमच्या कामाचं निघालं: व्यापारी घोडीवर स्वतः बसून रेवाल दाखवतो, नाचवून दाखवतो, लोक शुभ-अशुभ ठरवायला अंगावरचे भोवरे आणि पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) बघतात, तोवर सगळं झकास. हा बसला आणि घोडी साधी सरळ चालेना. मालक बाजूला उभा, "जरा हात हलका" वगैरे. याला वाटलं घोडीत खोड आहे. मालकाला वाटलं गिऱ्हाईकाला बसता येत नाही. दोघंही बरोबर असतील. मी त्याला विचारलं, मालक दहा मिनिटं चहाला गेला असता तर? तो म्हणाला, घोडी मालकाकडेच बघत होती.

२२ डिसेंबर

घरच्यांबरोबर माथेरान. सुट्टीच होती, वही नेली नव्हती, तरी हे लिहायलाच हवं.

दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, पुढे बाहेरची मोटार नाही. तिथून बरीच माणसं घोड्यावर किंवा पायी. इथे मालक घोड्यावर बसतच नाही, बाजूनं चालतो. पाठीवर दर तासाला नवा परका माणूस, बहुतेक वेळा जन्मात पहिल्यांदा बसलेला. घोडेवाल्या काकांना माझा प्रश्न विचारला. "बसतो की दुसऱ्याच्या घोड्यावर," म्हणाले. "लहानपणी ऑलिंपिया मैदानावर कुणाचाही घेऊन पळायचो." आणि तुमच्या घोड्याला परके चालतात? "तो वरच्याकडं बघतच न्हाई. माझ्या पायाकडं बघतो." मग पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, लाल मातीचा रस्ताच बरा होता, याबद्दल बराच वेळ बोलले. तो विषय आमचा नाही, पण बाजूच्या फरसबंद तुकड्यावर घोडा पाय कसा जपून टाकत होता ते मी बघितलं.

वरच्याकडं बघतच नाही. डोंगर उतरेपर्यंत हेच डोक्यात.

२९ डिसेंबर

दोन नवे नियम आजपासून.

एक: परका स्वार पहिल्यांदा बसेल तेव्हा त्या घोड्याचा मोतद्दार बाजूनं पायी चालेल. दोर नाही, हात नाही, नुसता सोबत.

दोन: मालकानं कुंपणाशी उभं राहायचं नाही. मैदानाच्या नजरेआड जायचं. हा नियम माझ्यासाठीही आहे, आणि पाळायला सगळ्यांत अवघड मलाच गेला. चाऱ्याच्या खोलीत उभा राहून मी टापा मोजत होतो.

फरक लगेच दिसला. इंजिनिअर समोर नसताना कॅप्टन ओट्याशी उभा राहिला, कारण शेजारी मामा होते. डॉक्टरांनी या वेळी लगाम सैल ठेवूनच सुरुवात केली. सरदार रिसालदारसाहेबांना जीभ न वाजवता कँटरला उचलून मोकळा झाला, त्यांनी काय केलं विचारलं तर म्हणाले, "काही नाही. बसलो आणि जायचंय असं ठरवलं." हे उत्तर वहीत लिहून काही उपयोग नाही, पण लिहितोय.

राणीकडे आज कुणीच नव्हतं. वकीलबाई तबेल्यात उशिरापर्यंत रेंगाळत होत्या. साडेनऊला मामांना म्हणाल्या, राणीवर खोगीर घाला. २० मिनिटं नुसती चाल, मामा बाजूला. उतरल्यावर मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "हिचा मालक कधी येतच नाही. कुणाशी तुलना करायचं तिच्या डोक्यात नाही, माझ्याही नाही."

५ जानेवारी २०२५

कारखानदारसाहेब आले. वजनाचा कागद त्यांना रिसालदारसाहेबांनी दाखवला; हुद्द्याचा असा उपयोग होतो. त्यांनी वाचला, हसले, कॅप्टनकडे बघितलं. इंजिनिअर चाऱ्याच्या खोलीत जाऊन बसला, नियमाप्रमाणे. खोगिरासकट ९४ चे १०२ होतात आणि कॅप्टनची मर्यादा ९८, हे मामांनी शांतपणे सांगितलं. कारखानदारसाहेब राणीला हातानं धरून दोन किलोमीटर चालवून आले. पुढच्या वेळेपर्यंत चार किलो उतरवतो, म्हणाले.

१२ जानेवारी

दोन रकान्यांची वही चाळली. दुसऱ्याच्या घोड्यावर बसायला आवडतं: डॉक्टर, मी, इंजिनिअर (हल्ली). आवडनिवड नाही, नेमून द्या: रिसालदारसाहेब. फक्त राणी: वकीलबाई. आपला घोडा द्यायला आवडतं: कुणालाच नाही, कारखानदारसाहेब सोडून, आणि त्यांचं कारण वेगळं. देणं जमतं मात्र वकीलबाई सोडून सगळ्यांना, बघावं लागलं नाही की.

चांदणीचं काय, हे अजून उरलंय. वकीलबाई कोर्टाच्या सुट्टीत बाहेरगावी जातात तेव्हा ती उभी राहते. त्यांनी मामांना तिला हातानं फिरवायची परवानगी दिली आहे, पाठीवर बसायची नाही. चंदीचा नियम तिच्यासाठी काटेकोर ठेवला आहे.

१९ जानेवारी

प्रत्येक घोड्याच्या दाराशी पाटी लागली. मजकूर मालकांनीच लिहायचा होता, पाच ओळींत.

कॅप्टन: लगाम ओढू नका. थांबवायचं तर गोल घ्या. ओट्याशी मामा हवेत.
मोहिनी: दुडकी येत नाही, उठबस करू नका. नुसतं बसा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) दोनदा तपासा, पोट फुगवते.
सरदार: कँटरला जीभ वाजवा. (रिसालदारसाहेबांनी खाली पेन्सिलनं: गरज नाही.)
राणी: आधी दहा मिनिटं चाल. घाम बघा. लघवीचा रंग गर्द दिसला तर जागेवर थांबा, चालवत परत आणू नका, फोन करा.
बाळ्या: ४२ किलो.
चांदणी: पाटी कोरी.

फेब्रुवारीची यादी मामांकडे दिली. मंगळवार आणि शुक्रवार राणीवर वकीलबाई, बुधवारी सरदारवर डॉक्टर, गुरुवारी कॅप्टनवर मी. कॅप्टनचं खोगीर मला मागे बसवतं; गुरुवारी नालबंद यायच्या आत माझं खोगीर त्याच्या पाठीवर लावून बघायचं आहे.